हवाई बेटांतील एका टाचणीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तह आणि बखरी उभ्या राहतात. जेथें लिहिलेले कागद फार नाहींत तेथें शिलालेख, नाणीं व पडके किल्ले यांची साक्ष काढावी लागते, हेंही आपणांस मान्य आहे. परंतु एखाद्या देशाच्या पाण्याचें काय झालें, तें कोणाकडून कोणाकडे गेलें, आणि त्यामुळें कोण तरला व कोण बुडाला, याचा शोध घ्यावयाचा झाल्यास तो कोणत्या दफ्तरांत घ्यावा? आमच्या मतें अशा इतिहासास कधीं कधीं एखादा क्षुद्र जीवही कागदपत्रासारखा उपयोगी पडतो. तो जेथें जगला तेथें पाणी कसें होतें आणि जेथून नाहींसा झाला तेथें पाण्याचें काय झालें, हें त्याच्या असण्यानसण्यावरून वाचतां येतें. प्रस्तुत निबंधांत प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवरील एका चिमुकल्या टाचणीच्या आधारें तेथील पाण्याचा सुमारें अडीचशें वर्षांचा इतिहास सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम टाचणीची ओळख करून देणें अवश्य आहे. पावसाळ्यांत व त्यानंतर ओढ्याकांठीं, भाताच्या खाचरांवर, लांब शेपटीचे व पारदर्शक पंखांचे जे किडे घिरट्या घालतात त्यांस आपण चतुर म्हणतों. त्यांच्याच गणांतील, पण अंगानें फार सडपातळ व उडण्यांत मंद अशी जी जात तिला टाचणी म्हणतात. चतुर बसला म्हणजे त्याचे पंख दोहों बाजूंस पसरलेले राहतात. टाचणी बहुधा ते मिटून पाठीवर जुळवून घेते. दोघांचेंही बालपण पाण्यांत जातें. टाचणीची मादी पाणवनस्पतींच्या देठांत अंडीं घालते. त्यांतून निघालेलें पिलूं पाण्यांतच बारीक जिवांची शिकार करून वाढतें आणि शेपटाच्या टोकाशीं असलेल्या तीन पानांसारख्या कल्ल्यांनीं श्वास घेतें. वाढ पुरी झाली म्हणजे तें काडीवर चढून कात टाकतें व हवेंत उडूं लागतें. हें उडण्याचें आयुष्य थोड्याच आठवड्यांचें असतें. सारांश, टाचणीचें खरें घर हवा नसून पाणी होय. तें घर मोडलें कीं पंख असूनही तिला जाण्यास जागा उरत नाहीं.

हवाई बेटें म्हणजे समुद्राच्या तळांतून वर आलेल्या ज्वालामुखींचीं शिखरें आहेत. जवळांत जवळचा खंड त्यांच्यापासून सुमारें ३,८०० किलोमीटर दूर आहे. इतक्या एकाकी जागीं माणसाच्या पूर्वीं जे जीव पोंचले ते वाऱ्यावर, लाटांवर किंवा पक्ष्यांच्या अंगास चिकटून पोंचले. टाचण्यांचा एक पूर्वज सुमारें एक कोटी वर्षांपूर्वीं तेथें आला असावा, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून दिसतें. आज दिसणारीं मोठीं बेटें त्या मानानें तरुण आहेत. काउआई हें सुमारें पन्नास लक्ष वर्षांचें, तर हवाई हें सर्वांत मोठें बेट दहा लक्ष वर्षांच्याही आंतलें आहे. म्हणजे या कुळानें झिजून बुडत चाललेल्या जुन्या बेटांवरून उगवत्या नव्या बेटांवर बिऱ्हाडें हालवीत आपला वंश टिकविला. त्या एका पूर्वजापासून मेगालाग्रिऑन नांवाच्या वंशाच्या २३ जाती झाल्या, आणि त्या जगांत दुसरीकडे कोठेंही नाहींत. कोणी वाहत्या ओढ्यांत राहूं लागल्या, कोणी धबधब्याच्या पाझरत्या कड्यांवर. कांहींचीं पिलें झाडांच्या पानांच्या बेचक्यांत सांचलेल्या पाण्यांत वाढतात. आणि एका जातीनें तर पाणीही सोडून नेच्यांखालच्या ओल्या पाचोळ्यांत संसार मांडला आहे. रिकामें घर मिळालें असतां एकच कुटुंब किती प्रकारांनीं नांदूं शकतें याचें याहून सुंदर उदाहरण क्वचितच सांपडेल.

आमच्या निबंधाची नायिका या कुळांतील मेगालाग्रिऑन झँथोमेलस ही होय. ग्रीक भाषेंत झँथॉस म्हणजे पिवळा व मेलस म्हणजे काळा. हिची लांबी ३३ ते ३७ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या दीडदोन पेरांएवढी. नराचा पुढचा भाग नारिंगी-तांबडा व शेपटाचा बराच भाग काळा असतो. मादी त्यापेक्षां फिकट दिसते. हवाईचे लोक चतुरास पिनाओ व टाचणीस पिनाओ-उला, म्हणजे तांबडा चतुर, असें म्हणत आले आहेत. हिच्या बहुतेक बहिणी उंच डोंगरांतील थंड पाण्याच्या रहिवासी आहेत. ही मात्र सखल प्रदेशांतली. ओढ्यांच्या खालच्या टप्प्यांतील संथ डोह, झऱ्यांचीं डबकीं, समुद्रकांठचीं पाणथळें हें तिचें वतन. माणसालाही वस्तीस हीच जागा आवडते. म्हणूनच माणसाच्या प्रत्येक राज्यपालटाचा परिणाम डोंगरांतल्या बहिणींच्या आधीं हिला भोगावा लागला, आणि म्हणूनच इतिहासाच्या दृष्टीनें हिची साक्ष अधिक मोलाची आहे.

माणूस आला म्हणजे निसर्गाचा नाश झालाच, असें मानण्याची एक चाल पडली आहे. हवाईच्या बाबतींत ती सर्वस्वीं खरी नाहीं. सुमारें आठशें ते हजार वर्षांपूर्वीं पॉलिनेशियन दर्यावर्दी तेथें आले ते आपल्या होड्यांतून कालो नांवाचें पीक घेऊन आले. हा कालो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला अळू होय. फरक इतकाच कीं आपण पानांचें फदफदें व वड्या करतों, तर ते लोक मुख्यतः कंद उकडून, कुटून त्याची पोई नांवाची लापशी करीत. त्यांच्या पुराणांत आकाशपुरुष वाकेआ याचा पहिला पुत्र मृत जन्मला, त्यास पुरलें त्या जागीं अळू उगवला, आणि त्याच्या धाकट्या भावापासून मनुष्यवंश झाला, अशी कथा आहे. म्हणजे अळू हा माणसाचा वडील भाऊ. आपल्या कोंकणांत भाताचीं खाचरें असतात तशीं अळूचीं खाचरें त्या लोकांनीं खोऱ्याखोऱ्यांतून बांधलीं व ओढ्यांना पाट काढून तीं भिजविलीं.

या पाटांची व्यवस्था लक्षांत घेण्यासारखी होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचें एक एक खोरें हा जमिनीचा एक विभाग मानला जाई. पाट खणण्यास ज्यानें जितके हात पुरविले त्या मानानें त्यास पाण्याच्या पाळ्या मिळत. ओढ्याचें सर्व पाणी कोणी एकानें वळवूं नये, आणि खाचरांतून फिरलेलें पाणी पुन्हा ओढ्यास मिळावें, असा दंडक होता. एमा नाकुइना या विदुषीनें, जिनें होनोलूलू येथें पाण्याच्या तंट्यांचा निवाडा करण्याचें अधिकारपद सांभाळलें, १८९४ च्या एका वार्षिकांत या जुन्या हक्कांचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें आहे. भाषाही याचीच साक्ष देते. हवाई भाषेंत वाई म्हणजे पाणी, वाइवाई म्हणजे संपत्ती, आणि कायद्यास कानावाई म्हणतात. पाण्याच्या वांटपाचे नियम हेच पहिले कायदे, म्हणून तो शब्द पडला असें सांगतात. कृष्णाकांठचें आपलें वाई हें गांव आठवून वाचकांस हसूं येईल; तो अर्थात् निव्वळ योगायोग होय. मुद्दा इतकाच कीं, खोरें माणसानें पुष्कळ बदललें तरी ओढा समुद्रापर्यंत वाहत राहिला आणि त्याच्या खालच्या डोहांतील टाचणीस घर सोडण्याचा प्रसंग आला नाहीं.

१७७८ च्या जानेवारींत कॅप्टन कुक या बेटांवर उतरला. त्याच्यामागून व्यापारी आले, देवमाशांचे शिकारी आले, मिशनरी आले. आणि त्यांच्याबरोबर असे रोग आले कीं ज्यांची त्या लोकांच्या रक्तास ओळख नव्हती. शंभर वर्षांत कित्येक लक्षांची प्रजा चाळीस हजारांच्या आंतबाहेर आली. खोरीं ओस पडलीं, पाट मोडले. १८४८ सालीं राजा तिसरा कामेहामेहा याच्या कारकीर्दींत सर्व जमिनीची राजा व सरदार यांच्यामध्यें वांटणी झाली, आणि १८५० पासून ती विकत घेण्याची परक्यांसही मुभा मिळाली. जे कुळवाडी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते त्यांच्या वांट्यास एकंदर जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. जमीन ही अशी खासगी मालमत्ता झाल्यावर तिच्यावरून वाहणारें पाणीही आपल्याच मालकीचें आहे असें नव्या धन्यांस वाटूं लागलें यांत नवल नाहीं.

याच काळांतील एक लहानशी गोष्ट पुढें फार मोठी ठरली. हवाईंत मूळचे डास नव्हते. १८२६ सालीं वेलिंग्टन नांवाचें जहाज माउई बेटावरील लाहाइना बंदरीं लागलें, आणि तेथील गोड्या पाण्यांत खलाशांनीं पिंपें विसळलीं. त्यांतील अळ्यांतून बेटांवर डासांचें बीं पडलें, असें मानतात. ज्या भाषेंत या किड्यास नांव नव्हतें तींत नवें नांव घडवावें लागलें. पुढें डासांमार्फत पसरलेल्या हिंवतापानें तेथील रानपक्ष्यांच्या कित्येक जाती नष्ट झाल्या, हें प्रसिद्धच आहे. टाचणीस डासांनीं कांहीं केलें नाहीं. उलट तिचीं पिलें अशा अळ्या आनंदानें खातात. परंतु डासांवर माणसानें जो उपाय योजिला तो तिच्या जिवावर उठला. तो प्रसंग पुढें येईल.

तत्पूर्वीं उंसाची कथा सांगितली पाहिजे. हवाईचें राज्य व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें यांच्यामध्यें १८७५ सालीं तह झाला व दुसऱ्या वर्षीं तो अमलांत आला. त्या अन्वयें हवाईची साखर अमेरिकेंत जकातीवांचून जाऊं लागली. पंधरा वर्षांत साखरेची निर्गत सुमारें दसपट झाली. परंतु ऊंस हें किती तहानेलें पीक आहे हें नीरा व प्रवरा यांच्या कालव्यांखालील शेतकऱ्यांस सांगावयास नको. हवाईंत पाऊस ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो व डोंगरांच्या त्या अंगास कोसळतो; सपाट, उन्हाळी व उंसास योग्य जमीन दुसऱ्या अंगास असते. तेव्हां डोंगराच्या एका अंगाचें पाणी दुसऱ्या अंगास नेणें हा मळेवाल्यांचा मुख्य उद्योग झाला.

त्यांतील पहिला मोठा कालवा माउई बेटावरील हामाकुआचा. तो १८७६ ते १८७८ या काळांत खणला गेला आणि सुमारें १७ मैल लांब होता. सरकारानें घातलेली मुदत चुकली तर पाण्याचा हक्क जाणार व क्लाउस स्प्रेकल्स हा कॅलिफोर्नियाचा साखरसम्राट तो घेणार, अशी अट होती. कालव्याचा धनी हेन्री बाल्डविन याचा उजवा हात नुकताच गिरणीच्या लाटांत सांपडून गेलेला. मालिको नांवाच्या खोल घळईंत मजूर उतरावयास कचरूं लागले तेव्हां हा एकहाती माणूस पायांनीं व एका हातानें दोर धरून स्वतः खालीं उतरला, आणि मजुरांची लाज राखण्यासाठीं रोज उतरत राहिला. कालवा मुदतींत पुरा झाला. इकडे स्प्रेकल्सही स्वस्थ बसला नव्हता. १८७८ सालीं त्यास पाण्याचा पट्टा देण्यास मंत्रिमंडळ तयार होईना, तेव्हां राजा कालाकाउआनें तें मंत्रिमंडळ रातोरात बडतर्फ करून नवें नेमिलें, आणि पट्टा मिळाला. बाल्डविनचें धैर्य कोणीही वाखाणावें असेंच आहे, आणि स्प्रेकल्सचा व्यवहार कोणीही निंदावा असा आहे. परंतु ओढ्यास दोहोंतील फरक कळला नाहीं. एकानें धैर्यानें व दुसऱ्यानें वशिल्यानें, पण पाणी दोघांनींही उचललें, आणि कालव्याच्या खालीं ओढ्याचें पात्र कोरडें पडलें. इतिहासांत कर्त्याचा हेतु व कृतीचें फळ हीं निराळीं मोजावीं लागतात, तीं अशा ठिकाणीं.

आतां शास्त्रज्ञांकडे वळूं. बेल्जममधील बॅरन द सेली-लाँशां यानें १८७६ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं तह अमलांत आला त्याच वर्षीं, आमच्या टाचणीचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. त्याच वर्षीं टॉमस ब्लॅकबर्न नांवाचा पाद्री होनोलूलूस आला. त्यानें सहा वर्षांत जे कीटक गोळा केले त्यांवरून रॉबर्ट मॅक्लॅक्लन यानें १८८३ सालीं मेगालाग्रिऑन हा वंश स्थापिला. परंतु या विषयांतील खरा परिश्रम रॉबर्ट पर्किन्स या तरुण इंग्रजाचा. तो १८९२ सालीं हवाईंत आला, महिने महिने रानांत एकटा राहिला, आणि बेटांवरील जीवसृष्टीच्या ज्या महाग्रंथाचे भाग १८९९ ते १९१३ पर्यंत प्रसिद्ध झाले त्यासाठीं त्यानें हजारों कीटक जमविले. या टाचणीविषयीं त्यानें जें नमूद केलें आहे तें आज वाचून मन थक्क होतें. ही होनोलूलूच्या बागांतून व सखल प्रदेशांत सर्वत्र आढळणारी अगदीं सामान्य जात आहे, असें तो सांगतो. म्हणजे राजधानींत घराच्या अंगणांत उभें राहावें व ही पाहावी. राज्य बुडालें होतें, ऊंस वाढत होता, कालवे खणले जात होते. तरी शहरांतील बागांमध्यें ही अजून नांदत होती. पुढें १९०४ सालीं पर्किन्स हा ऊंसमळेवाल्यांच्या संघाच्या प्रयोगशाळेंत दाखल झाला आणि उंसावरील तुडतुड्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं परदेशांतून त्यांचे शत्रु आणण्याच्या कामांत त्यानें मोठें यश मिळविलें. परक्या किडीवर परका शत्रु घालावा, ही त्या काळची विचारसरणी होती, आणि साखरेच्या बाबतींत ती फळासही आली होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

त्याच विचारसरणीनें १९०५ सालीं डासांवर मासा आणला. १९०३ सालीं होनोलूलूस डेंग्यूची साथ येऊन गेली होती, आणि डासांमुळें रोग पसरतात हें ज्ञान तेव्हां नवें व ताजें होतें. आल्विन सील नांवाच्या मत्स्यशास्त्रज्ञानें टेक्सासहून गाम्बुझिया जातीचे चिमुकले मासे आणून ते बेटांवरील पाण्यांत सोडले. ते झपाट्यानें वाढले. मागाहून त्यांच्या जोडीस गप्पी व इतर मासेही आले. हवाईच्या ओढ्यांत मूळचे मासे केवळ पांच जातींचे असून ते बहुधा तळाशीं, दगडांना धरून राहणारे आहेत. टाचणीचीं पिलें त्यांच्यापासून बचावण्यास शिकलीं होतीं. परंतु मधल्या व वरच्या पाण्यांत थव्याथव्यांनीं फिरून जें हललें तें गिळणारा शत्रु त्यांच्या कोट्यवधि वर्षांच्या अनुभवांत कधीं आला नव्हता. १९९० नंतरच्या दशकांत ओआहू बेटावर जो पद्धतशीर शोध झाला त्यांत असें दिसून आलें कीं, ज्या पाण्यांत हे परके मासे आहेत त्यांत मूळच्या टाचण्या बहुधा नाहींत, आणि त्यांच्यापैकीं ज्या उरल्या त्या मासे चढूं न शकलेल्या वरच्या टप्प्यांतच उरल्या. ज्या जातीस वरचा टप्पाच नाहीं तिनें काय करावें?

राहिलेलें काम शहराच्या वाढीनें व उंसानें पुरें केलें. वाइकिकी हें आज जगप्रसिद्ध किनाऱ्याचें नांव; तेथें पूर्वीं अळूचीं खाचरें, माशांचीं तळीं व पाणथळें होतीं. आरोग्याच्या नांवानें १९२१ ते १९२८ या काळांत आला-वाई नांवाचा कालवा खणून तें सर्व पाणी काढून लाविलें व जमीन भरून घेतली. त्याआधीं १९१३ ते १९१६ मध्यें त्याच बेटाचा डोंगर पोखरून वाइआहोले कालवा झाला, आणि पूर्वेकडील ओढ्यांचें दिवसास सुमारें २ कोटी ७० लक्ष गॅलन, म्हणजे अदमासें दहा कोटी लिटर, पाणी पश्चिमेच्या उंसास जाऊं लागलें. कालव्याखालच्या खोऱ्यांतील अळू वाळला. अळूबरोबर शेतकरी गेला, आणि दोघांबरोबर टाचणी गेली. यांपैकीं पहिल्या दोहोंचा उल्लेख कागदपत्रांत सांपडतो. तिसरीचा शोध लागावयास ऐंशी वर्षें लागलीं.

१९९३ सालीं डॅन पोलहेमस या कीटकशास्त्रज्ञानें हवाईच्या टाचण्यांच्या दुर्दशेचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हां ही सर्वांत सामान्य जात अत्यंत दुर्मिळ झाल्याचें जगास कळलें. काउआईवरून ती नष्ट झाली होती. ओआहूवरही ती उरली नसावी असेंच मानीत. पुढें त्या दशकांत ती अशा जागीं सांपडली कीं जेथें कोणी शोधण्याचें मनांतही आणलें नसतें. होनोलूलूजवळ मोआनालुआच्या उंचवट्यावर ट्रिपलर नांवाचें गुलाबी रंगाचें विशाल लष्करी रुग्णालय १९४८ पासून उभें आहे. त्याच्या आवारांतील एका ओहोळाचा अवघा ९५ मीटर लांबीचा तुकडा हें ओआहूवरील तिचें शेवटचें घर ठरलें. त्या तुकड्यांत परके मासे पोंचले नव्हते, एवढ्याच कारणानें ती वांचली. पाणी आटूं नये म्हणून लष्करी खात्यास तेथें मुद्दाम पाणी पुरवावें लागतें. ज्या बेटावर एकें काळीं प्रत्येक खोऱ्याचें पाणी आपण होऊन समुद्रास मिळत होतें तेथें एका जातीचें अस्तित्व दोन शेतांच्या बांधाएवढ्या ओहोळावर व माणसाच्या देखरेखीवर येऊन ठेपलें.

१९९८ च्या सुमारास तिला दुसऱ्या ओढ्यांत बसविण्याचा प्रयत्न झाला, तो टिकला नाहीं. अलीकडच्या वर्षांत प्रयोगशाळेंत अंडीं उबवून, पिलें वाढवून त्या टाचण्या ओआहूवरील निवडक जागीं सोडण्याचें काम सरकारी खातें व विद्यापीठ यांच्या सहकार्यानें चाललें आहे. मोलोकाई, माउई, हवाई वगैरे बेटांवर तिच्या कांहीं वसाहती उरल्या आहेत. ३० सप्टेंबर २०१६ रोजीं अमेरिकन सरकारानें आणखी नऊ प्राणी व ३९ वनस्पती यांच्यासह तिचें नांव कायद्यानें संरक्षिलेल्या नष्टप्राय जातींच्या यादींत घातलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माउईवरील शेवटचा साखर कारखाना बंद पडला. ज्या उंसासाठीं ओढे वळविले गेले तो ऊंस दीडशें वर्षांच्या आंत बेटांवरून गेला. वळविलेले ओढे मात्र कालव्यांतच राहिले.

त्या पाण्याचें पुढें काय व्हावें, हाच हवाईंतील मोठा झगडा होय. ओआहूवरील ऊंस बंद होऊं लागतांच वाइआहोलेच्या खोऱ्यांतील अळूचे शेतकरी पाणी परत मागूं लागले. मळ्यांचे वारस, बांधकामवाले व लष्कर यांनींही आपापला दावा मांडला. प्रकरण राज्याच्या वरिष्ठ न्यायालयांत गेलें आणि २००० सालीं निकाल लागला. पाणी ही कोणाची खासगी मालमत्ता नसून सरकार तें प्रजेचा विश्वस्त म्हणून सांभाळतें. ओढ्यांत वाहतें पाणी राखणें हाही त्याचा एक हेतु आहे. आणि ज्यास पाणी बाहेर न्यावयाचें आहे त्यानेंच आपली गरज सिद्ध केली पाहिजे, असें न्यायालयानें ठरविलें. या तत्त्वाचा आधार न्यायाधीशांनीं जुन्या हवाई राज्याच्या कायद्यांतही शोधला, हें विशेष. २०१८ सालीं जल-आयोगानें पूर्व माउईच्या अनेक ओढ्यांत पाणी परत सोडण्याचा हुकूम केला. सव्वाशें वर्षांनीं कानावाई हा शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत येऊं लागला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें एक आक्षेप घेतला जाईल. माणसांस रोग होत असतां व रोजगार हवा असतां एका किड्यासाठीं हळहळणें हा रिकामपणाचा उद्योग नव्हे काय? आक्षेप हलका नाहीं, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. ज्यांनीं मासे आणले ते लोकांचे हितचिंतकच होते. परंतु मासे आल्यावर डास गेले काय? गेले नाहींत. २००१ सालीं व पुन्हा २०१५-१६ मध्यें हवाईंत डेंग्यूच्या साथी आल्या. टाचणी मात्र गेली, जी स्वतःच डासांच्या अळ्या खाणारी होती. रोजगाराचें म्हणावें तर उंसानें चीन, जपान, पोर्तुगाल व फिलिपाईन्स येथून आणलेल्या लाखों मजुरांस काम दिलें हें खरें. पण त्याच पाण्यावर जगणाऱ्या मूळ शेतकऱ्याचें पोट गेलें, हेंही तितकेंच खरें. टाचणी व तो शेतकरी एकाच कोरड्या पात्राच्या कांठीं उभे होते. म्हणून तिची काळजी वाहणें म्हणजे माणसास विसरणें, हें म्हणणें या इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं.

आपल्या देशानेंही यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. गाम्बुझिया मासा हिंदुस्थानांत १९२८ सालीं आला, आणि गप्पी मासे डासांवरचा सोपा उपाय म्हणून महाराष्ट्रांत आजही तळ्याविहिरींत सोडले जातात. बंदिस्त हौदांत ते सोडणें वेगळें. जेथून पुराच्या पाण्याबरोबर ते ओढ्यास लागतील तेथें सोडणें वेगळें. हा फरक पाळला जातो काय, हें पाहणें आपलें काम आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांतही त्या डोंगरांवांचून दुसरीकडे न सांपडणाऱ्या टाचण्या आहेत. लष्करी डॉक्टर फ्रेझर यांनीं १९३३ ते १९३६ च्या दरम्यान तीन खंडांत हिंदुस्थानांतील चतुर व टाचण्यांचें वर्णन केलें, तेव्हां तें काम पुरें झालें असें वाटलें असेल; पण साताऱ्याजवळील ठोसेघरच्या नांवानें ओळखली जाणारी नवी जात २०२१ सालीं शास्त्रास माहीत झाली. म्हणजे आपल्या ओढ्यांच्या दफ्तरांतील कागद अजून पुरते वाचलेही गेले नाहींत.

पर्किन्सनें जेव्हां या टाचणीस सामान्य म्हटलें तेव्हां तिच्याविषयीं कोणासच चिंता वाटली नाहीं, आणि वाटावी कशी? दुर्मिळ वस्तूस पहारेकरी मिळतात. सामान्य वस्तूस कोणी वाली नसतो, कारण ती उद्यांही असणारच असा सर्वांचा समज असतो. हवाईंत हा समज शंभर वर्षांत खोटा ठरला. आज तेथें एका रुग्णालयाच्या आवारांत माणसें पाणी पुरवून ९५ मीटर ओहोळ जिवंत ठेवीत आहेत. तें काम स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु ओढा वाहता ठेवण्यास जितके श्रम पडले असते त्याच्या किती पट श्रम त्याचा एक तुकडा जिवंत ठेवण्यास पडत आहेत, याचा हिशेब ज्या देशांत अजून ओढे वाहत आहेत त्या देशांतील लोकांनीं वेळींच केलेला बरा.